दोन सूचींच्या फटीतला वायू

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत एक आकडा योगायोगाने जुळला आहे. संघ सूचीतील सहावी नोंद अणुऊर्जेची आणि राज्य सूचीतील सहावी नोंद सार्वजनिक आरोग्याची. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली. तिच्यातही सहावी नोंद सार्वजनिक आरोग्य व स्वच्छतेचीच आहे आणि ते काम नगरपालिका-महापालिकांकडे सोपविता येते. या तीन नोंदींच्या मधल्या मोकळ्या जागेत एक वायू निर्वेधपणे वावरतो आहे. त्याचे नाव रेडॉन. तो किरणोत्सर्गी आहे, तेव्हा तो केंद्राचा विषय आहे असे राज्याला म्हणता येते. तो घरात साठतो आणि त्याने कर्करोग होतो, तेव्हा तो आरोग्याचा, पर्यायाने राज्याचा विषय आहे असे केंद्राला म्हणता येते. तो जोत्याखालच्या जमिनीतून वर येतो. पण बांधकामाचा परवाना देणाऱ्या महापालिकेच्या अर्जात त्याच्यासाठी रकाना नसतो. ज्याचा रकाना नाही, त्याची फाईल नाही. आणि ज्याची फाईल नाही, तो प्रश्न सरकारदरबारी अस्तित्वातच नसतो.

या विषयाकडे पाहण्यासाठी रायपूर हे सोयीचे ठिकाण आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले, रायपूर राजधानी झाले आणि तेव्हापासून पाव शतक हे शहर अखंड बांधले जाते आहे. मंत्रालय नवा रायपुरात गेले, संचालनालये गेली. १ नोव्हेंबर २०२५ रोजी तेथे नव्या विधानसभा भवनाचे उद्घाटनही झाले. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. बिंबाजी भोसल्यांनी रतनपुराहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. पुढे १९५६ पर्यंत हा भाग नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. रायपूरचे महाराष्ट्र मंडळ १९३५ पासूनचे आहे. रेल्वे, पोलाद, बँका आणि केंद्रीय कार्यालये यांच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे आजही रायपूर-भिलाई पट्ट्यातील वसाहतींत राहतात. त्यांतील कित्येक तळमजल्यावर, म्हणजे रेडॉनच्या दृष्टीने जमिनीच्या सर्वांत निकट.

विज्ञान थोडक्यात असे आहे. खडकांत आणि मातीत अल्प प्रमाणात असलेल्या युरेनियमचा क्षय होत होत रेडियम तयार होते आणि रेडियमपासून रेडॉन. त्याला रंग, वास, चव काहीच नाही. त्याचे अर्धायुष्य ३.८ दिवसांचे आहे; मातीच्या पोकळ्यांतून, कोब्याला गेलेल्या तड्यांतून, नळ जेथे जमिनीतून वर येतो तेथल्या फटीतून घरात शिरायला एवढा अवधी पुरेसा होतो. उघड्यावर तो विरून जातो, बंद खोलीत साठतो. वायू स्वतः श्वासाबरोबर आत जाऊन बव्हंशी तसाच बाहेर पडतो; धोका आहे तो त्याच्यापासून निर्माण होणाऱ्या पोलोनियमच्या सूक्ष्म कणांचा. ते धुळीला चिकटून फुप्फुसात बसतात आणि तेथेच अल्फा कण सोडतात. संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीच्या हिशेबाने माणसाला निसर्गाकडून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो आणि त्याचा सुमारे निम्मा भाग एकट्या रेडॉनचा व त्याच्या अपत्यांचा असतो. जैतापूर आणि कुडनकुलमच्या भट्ट्यांवर संसदेत आणि संसदेबाहेर आपण वर्षानुवर्षे वाद घातला. तो घालायलाच हवा होता. परंतु सर्वसामान्य नागरिकाला मिळणाऱ्या नैसर्गिक किरणोत्सर्गाचा सर्वांत मोठा वाटा त्याच्या स्वतःच्या खोलीतल्या हवेतून येतो, हे त्या वादात कोणाच्या फारसे ध्यानी आले नाही.

धोक्याविषयी जगात आता मतभेद उरलेला नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच रेडॉनला मानवी कर्करोगाचे निश्चित कारण ठरविले. युरोपातील तेरा अभ्यास एकत्र करून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, दीर्घकालीन सरासरी रेडॉन घनमीटरमागे १०० बेक्वेरेलने वाढला की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो, असे दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये १०० बेक्वेरेल ही संदर्भ पातळी सुचविली. ती शक्य नसेल तर ३०० च्या पलीकडे जाऊ नये, असे सांगितले. निरनिराळ्या देशांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे ३ ते १४ टक्के रुग्ण रेडॉनमुळे असावेत, असा तिचा अंदाज आहे. धूम्रपानाखालोखाल हेच कारण. जो विडी-सिगारेट ओढतो त्याच्या बाबतीत दोन्ही धोके एकमेकांना गुणतात, हे विशेष.

भारताचे चित्र वरकरणी दिलासा देणारे आहे आणि ते तसेच मांडले पाहिजे. घबराट पसरविणे हा या लेखाचा हेतू नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी देशाच्या विविध भागांतील घरांत केलेल्या मोजणीचा अहवाल २००३ मध्ये आला. त्यात रेडॉनचे प्रमाण घनमीटरमागे ४.६ पासून १४७.३ बेक्वेरेलपर्यंत आढळले आणि भौमितिक मध्य निघाला अवघा २३. जगाची सरासरी ४० च्या आसपास आहे. आपल्याकडे तळघरे थोडी, खिडक्या-दारे बराच काळ उघडी. परिणामी वायू साठत नाही. युरोपीय अभ्यासाचे गणित ढोबळपणे लावले तर २३ या पातळीला धोका तीन-चार टक्क्यांनी वाढतो. व्यक्तीच्या दृष्टीने हा धोका लहान खरा. पण दीडशे कोटींच्या आसपास लोकसंख्या असलेल्या देशात तीन-चार टक्के म्हणजे किती माणसे, याचा विचार धोरणकर्त्याने करावयाचा असतो.

शिवाय सरासरी हा धोरणाचा पाया होऊ शकतो, धोरणाचा शेवट नव्हे. रेडॉनचा स्वभावच असा आहे की, एका गल्लीतील दोन शेजारी घरांत त्याचे प्रमाण कित्येक पटींनी वेगळे असू शकते. खालची माती, फरशीचा तडा, खिडक्यांची सवय, वर्षातला ऋतू अशा चार गोष्टींवर ते ठरते. काही निवडक घरांवरून काढलेला मध्य देशाची प्रकृती सांगतो. राजनांदगावच्या एखाद्या शाळेतील तळमजल्याच्या वर्गाविषयी तो काहीच सांगत नाही. आणि तो अहवाल येऊन दोन दशके उलटून गेली आहेत. या दोन दशकांत खडक बदलला नाही. घरे मात्र बदलली.

आधी खडकाचे पाहू. महाराष्ट्राचा मोठा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसला आहे आणि या पाषाणात युरेनियम अल्प असते. पुणे-सातारा-नाशिकहून बदलीवर आलेला माणूस गोंदिया ओलांडून पूर्वेकडे निघतो, तेव्हा त्याच्या पायाखालची भूमीच बदलते. डोंगरगडच्या आसपासचा ग्रॅनाइट हा देशातील अतिप्राचीन खडकांपैकी एक आहे आणि त्या खडकसमूहाचा विस्तार महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे गोंदिया-भंडाऱ्याकडेही आहे. बमलेश्वरीच्या दर्शनाला जाणारा भाविक जो डोंगर चढतो, तो या पट्ट्यातलाच. पूर्वीच्या राजनांदगाव जिल्ह्यातील बोदल येथे युरेनियमचा साठा सापडला आणि अणुखनिज संचालनालयाने तेथे शोधकार्यासाठी खोदकामही केले. खुद्द रायपूर शहर चुनखडी आणि शेलच्या थरांवर आहे. तेव्हा राजधानीला बोदलच्या मापाने मोजणे चुकीचे ठरेल. परंतु छत्तीसगडी शेतकरी ज्या जमिनींना भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार अशी नावे देतो, त्या वायूला सारख्याच प्रमाणात वाट देत नाहीत. भाठ्याच्या मुरमाड, पोकळ जमिनीतून वायू सहज वर येतो. ओल्या, चिकण कन्हारातून तो अडतो. एकाच जिल्ह्याला एकच आकडा लावता येत नाही तो याचसाठी.

या भागातील पाण्याने तर इशारा आधीच दिला आहे. दुर्ग, बालोद, राजनांदगाव, कांकेर या पट्ट्यातील भूजलाच्या काही नमुन्यांत युरेनियमचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक आढळले आहे. दुर्गच्या भिलाई तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी या विषयावर दीर्घकाळ काम केले आहे. पाण्यात युरेनियम आहे म्हणजे शेजारच्या घरात रेडॉन आहेच, असे समीकरण मांडता येत नाही. तथापि मोजणी कोठून सुरू करावी, या प्रश्नाचे उत्तर हे नमुने नक्कीच देतात.

आता घरांचे. छत्तीसगडचे जुने घर मातीच्या जाड भिंतींचे आणि खपरैलचे, म्हणजे कौलांचे. कौलांच्या फटींतून हवा रात्रंदिवस खेळत असे. त्या घराचे अवास्तव गोडवे गाण्याचे कारण नाही. मातीच्या भिंतींतून रेडॉनचाच भाऊ थोरॉन बाहेर पडतो आणि चुलीच्या धुराने त्याच घरातील बाईची छाती भरून जाते. पण वायू साठू न देण्याचे काम ते घर करीत असे. त्याची जागा स्लॅबच्या घराने घेतली. त्यानंतरचा बदल अधिक सूक्ष्म आहे आणि तो रायपूरच्या उन्हाळ्याशी निगडित आहे. पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा मध्यमवर्गीय घरात पूर्वी वाळ्याचा कूलर चाले. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो आणि त्यासाठी समोरची खिडकी उघडी ठेवावीच लागते. खोलीतला दाब किंचित वाढतो आणि जमिनीतला वायू वर यायला बिचकतो. वातानुकूलन यंत्राचे तंत्र नेमके उलटे. ते आतलीच हवा फिरवून गार करते आणि खिडकी बंद हवी, ही त्याची पहिली अट असते. ज्या नोकरदाराला बढतीबरोबर वातानुकूलित शयनगृह मिळाले, त्याने कूलरबरोबर घरातला वाराही निरोप देऊन पाठविला. काचेच्या दर्शनी भागांची कार्यालये ही याच प्रवृत्तीची सरकारी आवृत्ती होय.

या ठिकाणी दोन चांगली धोरणे एकमेकांच्या आड येऊ शकतात. ऊर्जाबचतीची इमारत संहिता केंद्राने २००७ मध्ये आणली, २०१७ मध्ये ती सुधारली. निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आली. गार हवा फटींतून वाया जाऊ नये, हा या विचाराचा गाभा आहे आणि वीजटंचाईच्या देशात तो योग्यच आहे. निवासी संहितेने उघडता येणाऱ्या खिडक्यांचे किमान प्रमाणही ठरवून दिले, ही तिच्या जमेची बाजू. परंतु खिडकी उघडता येणे आणि ती उघडली जाणे यांत अंतर असते. ब्रिटनमध्ये २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने असा हिशेब मांडला की, वायुविजनाची भरपाई न करता घरे हवाबंद केली तर घरांतील सरासरी रेडॉन निम्म्याहून अधिक वाढेल. वीज वाचविण्याचा आदेश काढणाऱ्या खात्याने हवेचा विचार करणाऱ्या खात्याशी बोलले पाहिजे, एवढाच याचा अर्थ. दुसरे उदाहरण राखेचे. औष्णिक वीज केंद्रांतील राख विटांत आणि सिमेंटमध्ये वापरावी, ही अधिसूचना १९९९ ची. २०२१ मध्ये ती अधिक कडक झाली. कोरब्यासारखी वीज केंद्रे असलेल्या राज्याला तिचा लाभ उघड आहे. कोळसा जळतो तेव्हा त्यातील रेडियम राखेत एकवटते, हे खरे. ते राखेच्या काचेसारख्या कणांत अडकून राहत असल्याने वायू अपेक्षेपेक्षा कमी सुटतो, हेही खरे. म्हणजे राखेची वीट दोषी नाही. पण ती निर्दोष आहे हे मोजून सिद्ध करणे कोणाचे काम, हे मात्र ठरलेले असावे. स्वीडनने हा धडा महागात घेतला. तेथे १९७० च्या दशकापर्यंत फटकडीयुक्त शेलपासून बनविलेले हलके काँक्रीट घरोघरी वापरले गेले; ते रेडॉन सोडते हे लक्षात येईपर्यंत असंख्य घरे उभी राहिली होती.

इतर देशांनी काय केले? अमेरिकेला जाग आली ती एका विचित्र प्रसंगाने. डिसेंबर १९८४ मध्ये पेनसिल्वेनियातील लिमेरिक अणुवीज केंद्रात स्टॅन्ली वॉट्रस या अभियंत्यामुळे किरणोत्सर्गाचे गजर वाजू लागले. तेही केंद्रात शिरताना, बाहेर पडताना नव्हे. केंद्र तर अजून सुरूही झाले नव्हते. किरणोत्सर्ग त्याने घरून आणला होता. त्याच्या घरातील रेडॉन घनमीटरमागे लाखाच्या आसपास बेक्वेरेल निघाला. १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने यासाठी स्वतंत्र कायदा केला. परंतु चाचणी घरमालकाच्या मर्जीवर सोडली गेली. वीस वर्षांनी, २००८ मध्ये, तेथील पर्यावरण संस्थेच्या महानिरीक्षकानेच नोंदविले की, रेडॉनच्या संपर्कात येणाऱ्यांची संख्या घटण्याऐवजी वाढतेच आहे. कारण घरांच्या दुरुस्तीपेक्षा धोकादायक जागी नवी घरे अधिक वेगाने उभी राहिली. आयर्लंडने वेगळी वाट धरली. अधिक रेडॉन असलेल्या भागांचा नकाशा करून त्या भागांतील नव्या घरांच्या जोत्याखाली वायुरोधक पडदा घालणे १९९८ पासून सक्तीचे केले. युरोपीय संघाने डिसेंबर २०१३ च्या निर्देशाने सर्व सदस्य देशांना दोन गोष्टी बंधनकारक केल्या: संदर्भ पातळी ३०० बेक्वेरेलच्या वर नसावी आणि प्रत्येक देशाची राष्ट्रीय रेडॉन कृती योजना असावी. या तिन्ही अनुभवांतून निघणारा निष्कर्ष एकच. नागरिकाला सल्ला देऊन रेडॉन कमी होत नाही. नकाशा, आकडा आणि नव्या बांधकामाचा नियम या तीन गोष्टींनी तो कमी होतो.

भारताकडे अशी राष्ट्रीय कृती योजना नाही. बिल्डरवर, महापालिकेवर किंवा सरकारी वसाहत बांधणाऱ्या खात्यावर बंधनकारक असा घरातील रेडॉनचा आकडा नाही. ज्ञानाची उणीव हे याचे कारण नव्हे. रेडॉन मोजण्याची देशी तंत्रे भाभा केंद्राने विकसित केली, अनेक विद्यापीठांनी ती आत्मसात केली. युरेनियमचा माग काढण्यासाठी आपण मातीतला रेडॉन मोजतो. भूकंपाची चाहूल लागते का, हे पाहण्यासाठीही मोजतो. ज्याच्या उशाखाली तो जमतो, त्या माणसासाठी मात्र पद्धतशीरपणे मोजत नाही. उणीव आहे ती जबाबदारीची. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले ते प्रामुख्याने अणुप्रकल्प, क्ष-किरण यंत्रे, किरणोत्सारी द्रव्ये यांवर लक्ष ठेवण्यासाठी. घराच्या जमिनीला परवाना नसतो. तेव्हा परवाने तपासणाऱ्याची नजर तिकडे जाणार कशी? भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात या मंडळावर ठपका ठेवला होता की, १९८३ च्या स्थापना-आदेशातच सांगितलेले किरणोत्सर्ग सुरक्षा धोरण तीन दशके होत आली तरी तयार झालेले नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ विधेयक संमत केले. १९६२ चा अणुऊर्जा कायदा मोडीत काढून या मंडळाला वैधानिक दर्जा देण्याची तरतूद त्यात आहे. खासगी कंपन्यांचा प्रवेश आणि अपघाताचे दायित्व या दोन मुद्द्यांभोवती ती चर्चा फिरली, आणि ते स्वाभाविक होते. पण नियामक मंडळ आता कायद्याने उभे राहणार असेल, तर नैसर्गिक किरणोत्सर्गाचा प्रश्न त्याच्या अधिकारकक्षेत स्पष्टपणे आणण्याची हीच वेळ आहे.

एक आकडा काय करू शकतो, याचे उदाहरण पाण्यातच आहे. पिण्याच्या पाण्यातील युरेनियमविषयी आपल्याकडे बराच काळ संदिग्धता होती. अणुऊर्जा नियामक मंडळ लिटरमागे ६० मायक्रोग्रॅम म्हणत असे, जागतिक आरोग्य संघटना ३०, आणि पाण्याच्या भारतीय मानकात हा रकानाच नव्हता. २०२१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ३० मायक्रोग्रॅमची मर्यादा मानकात घातली. त्यानंतर प्रश्न शास्त्रज्ञांच्या परिसंवादातून उठून जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर आला. नमुना मर्यादेत आहे की नाही, नसेल तर हातपंप बंद करायचा की नाही, पर्यायी पाणी कोणी द्यायचे, हे प्रश्न विचारता येऊ लागले. खासदारांना त्यावर नेमकी माहिती मागता येऊ लागली. संसदेत प्रश्न विचारायचा तर तो कोणत्या तरी एका मंत्रालयाला उद्देशून विचारावा लागतो. घरातील रेडॉनविषयीचा प्रश्न कोणाला विचारायचा? अणुऊर्जा विभागाला, आरोग्य मंत्रालयाला, गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाला की पर्यावरण खात्याला? चौघांपैकी प्रत्येकाला खरे उत्तर देऊनही विषय दुसऱ्याकडे वळविता येईल. यात कोणाची लबाडी नाही, कामकाजाच्या वाटपाची ही रचनाच तशी आहे.

यावर आक्षेप येईल आणि तो वाजवी आहे. ज्या राज्यात मलेरिया आहे, सिकलसेल आहे, उरला-सिलतराच्या धुराड्यांची काजळी गच्चीवर उतरते, जेथे राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत रायपूर, भिलाई आणि कोरबा ही तीन शहरे आहेत, तेथे न दिसणाऱ्या वायूसाठी पैसा का खर्चावा? उत्तर असे की, पहिल्या पायरीला फारसा पैसा लागतच नाही. मोजणीची फिल्म काडेपेटीएवढ्या डबीत मावते, तिला वीज लागत नाही, तीन महिने खोलीत टांगून ठेवायची आणि प्रयोगशाळेकडे पाठवायची. दुसरे असे की, मोजल्यावर बहुसंख्य घरे सुरक्षित निघण्याचीच शक्यता आहे. मग उरलेल्या थोड्यांवर नेमका खर्च करता येईल. आणि तिसरे म्हणजे तंबाखू. रेडॉन आणि धूर एकमेकांचा धोका गुणत असल्याने तंबाखूनियंत्रण हे आपोआपच रेडॉनचेही धोरण ठरते. त्यासाठी २००३ चा कायदा हाताशी आहे, तो नेटाने राबविला म्हणजे झाले. ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द उच्चारला तर लोक घाबरतील आणि घरांच्या किमती पडतील, ही भीतीही बोलून दाखविली जाईल. लोक घाबरतात ते अर्धवट माहितीने. आकडा, मर्यादा आणि उपाय ही तिन्ही एकाच कागदावर दिली तर माणूस घाबरण्याऐवजी गवंड्याला बोलावतो.

करावयाचे काय, तेही फार अवघड नाही. पहिले, केंद्राने संदर्भ पातळी अधिसूचित करावी: अस्तित्वातील इमारतींसाठी ३०० आणि नव्यांसाठी १०० हे आकडे जगाच्या अनुभवाशी सुसंगत आहेत. दुसरे, मोजणी सरकारने स्वतःच्या घरापासून सुरू करावी. केंद्र व राज्याची निवासस्थाने, शाळा आणि अंगणवाड्या यांचे तळमजले उन्हाळ्यात व हिवाळ्यात मोजावेत. रायपुरात पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ आहे, राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे. दुर्गला अनुभवी संशोधक आहेत. अणुखनिज संचालनालयाच्या मध्य विभागाचे कार्यालय तर नागपुरातच आहे. खडकांचे नकाशे एका इमारतीत आणि घरांचे नकाशे दुसऱ्या इमारतीत, ही स्थिती संपविण्यास एका संयुक्त बैठकीपेक्षा अधिक काही लागू नये. तिसरे, राज्याच्या भूमी विकास नियमांत आणि लोक निर्माण विभागाच्या, म्हणजे आपल्याकडच्या बांधकाम खात्याच्या, दरसूचीत दोन ओळी याव्यात: जोत्यावर कोबा टाकण्यापूर्वी सांधे नीट जोडलेला जाड प्लास्टिकचा पडदा आणि खडीच्या थरातून गच्चीपर्यंत नेलेली एक नळी. पुढे गरज पडली तर त्या नळीवर लहान पंखा बसविला की वायू घरात शिरण्याआधीच आकाशात जातो. चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, एका मंत्रालयाला या विषयाचे पालकत्व देऊन त्याने दरवर्षी संसदेपुढे अहवाल ठेवावा. तो अहवाल चार पानांचा असला तरी चालेल. पण त्याखाली कोणाची तरी सही हवी.

हा मजकूर वाचणाऱ्यांत शासकीय सेवेतील मराठी मंडळी मोठ्या संख्येने आहेत. सहाव्या नोंदींचा वाद सुटण्याची वाट पाहण्याचे त्यांना कारण नाही. आपल्या अखत्यारीतील वसाहतीची मोजणी करून घ्यावी, एवढी टिपणी कोणत्याही विभागप्रमुखाला लिहिता येते; घटनादुरुस्ती त्यासाठी लागत नाही. ज्यांच्या हाती फाईल नाही, फक्त भाड्याचे घर आहे, त्यांनाही काही करता येते. तळमजल्यावरील झोपण्याच्या खोलीची खिडकी यंत्र बंद केल्यावर उघडावी, समोरासमोरच्या खिडक्यांतून दिवसातून दोनदा वारा खेळू द्यावा, कोब्याचे तडे आणि नळाभोवतीच्या फटी भरून घ्याव्यात, आणि घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर त्याला ती सोडायला लावावी. महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांनी एखाद्या रविवारी स्थानिक संशोधकाला बोलावून हे समजावून घेतले तर तेही मोलाचे होईल.

नव्या राजधानीत अजून बरीच जोती घातली जायची आहेत. सरकारी निवासस्थाने, शाळा, इस्पितळे यांचे नकाशे आजही मंजूर होत आहेत. कोबा पडण्यापूर्वी पडदा आणि नळी घालायला गवंड्याचा एक दिवस जातो. तो पडल्यावर तेच काम करायचे तर राहते घर रिकामे करून फरशी फोडावी लागते आणि तोवर त्या घरात एखादे कुटुंब कित्येक वर्षे श्वास घेऊन चुकलेले असते. निर्णय कोणाच्या सूचीत बसतो, हे ठरवायला दिल्लीला वेळ लागेल. दरसूचीत दोन ओळी घालण्याचा निर्णय मात्र रायपुरात होऊ शकतो आणि तो यंदाच्या बांधकामांआधी व्हायला हवा.